‘अब्यूसिव्ह’ : नुसती शिवी नव्हे

इंग्रजी वर्तमानपत्रात, न्यायालयाच्या निकालात, कंपनीने कामगाराला दिलेल्या आरोपपत्रात आणि अलीकडे आपल्या कॉलेजात जाणार्‍या मुलामुलींच्या बोलण्यातही एक शब्द वारंवार कानावर येतो. तो शब्द म्हणजे ‘अब्यूसिव्ह’. अब्यूसिव्ह लँग्वेज, अब्यूसिव्ह हजबंड, अब्यूसिव्ह रिलेशनशिप. अर्थ विचारला की झटकन उत्तर मिळते, ‘शिवराळ’. हे उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. ‘नवरा शिवराळ आहे’ असे म्हटले की फक्त त्याची जीभ वाईट ठरते. ‘नवरा अब्यूसिव्ह आहे’ असे म्हटले की त्याची सगळी वागणूकच तपासाला घ्यावी लागते. वस्तीतल्या लोकांना अर्ज लिहून देण्याचे काम आम्ही बरीच वर्षे करीत आहोत. त्या अनुभवावरून सांगतो, हा फरक केवळ भाषेच्या पंडितांसाठी नाही. तो पोलीस ठाण्याच्या टेबलापर्यंत जातो.

प्रथम शब्द नीट पाहू. इंग्रजीत ‘यूज’ म्हणजे वापर. त्याच्या आधी जोडलेले ‘अब’ हे मूळचे लॅटिन. त्याचा अर्थ दूर, बाजूला. ‘अ‍ॅबनॉर्मल’ या शब्दाच्या आरंभीही तेच आहे. म्हणजे ‘अब्यूस’ हा सरळ वाटेवरून बाजूला नेलेला वापर, थोडक्यात गैरवापर. अधिकाराच्या गैरवापराला म्हणूनच ‘अब्यूस ऑफ पॉवर’ म्हणतात आणि अंमली पदार्थांच्या बाबतीत ‘ड्रग अब्यूस’. शिवी हा अर्थही याच मुळातून निघाला, कारण शिवी म्हणजे तरी काय, तोंडाचा गैरवापर. आता हे विशेषण माणसाला लावून बघा. अब्यूसिव्ह माणूस म्हणजे ज्याच्या हाती काही आहे, नवरेपण, बापपण, साहेबी, मुकादमी, आणि जो ते दुसर्‍याला दुखावण्यासाठी वापरतो. तेही एकदा चुकून नव्हे, पुन्हा पुन्हा.

(उच्चाराबद्दल जाता जाता. क्रियापद ‘अब्यूझ’, नाम ‘अब्यूस’, आणि विशेषण ‘अब्यूसिव्ह’. मुलाखतीला जाणार्‍या मुलांनी ‘अब्यूझिव्ह’ म्हटले म्हणून नोकरी जाणार नाही, पण माहीत असलेले बरे.)

या शब्दाचे शेजारी पाहिले की त्याची हद्द कळते. ‘रूड’ म्हणजे उद्धट. शाळकरी पोरगाही मास्तरांशी रूड होऊ शकतो. ‘इन्सल्टिंग’ म्हणजे अपमान करणारे. तो एका वाक्यानेही होतो आणि तिथेच संपू शकतो. ‘ऑफेन्सिव्ह’ म्हणजे ऐकणार्‍याला खटकणारे, मन दुखावणारे. बोलणार्‍याचा तसा हेतू असेलच असे नाही. ‘क्रूएल’ म्हणजे क्रूर. भाषेपुरता वापरला तर ‘अब्यूसिव्ह’ यांच्याच पंगतीला बसतो. क्रिकेटच्या मैदानावर पंचाला शिव्या घालणार्‍या घोळक्याची भाषाही अब्यूसिव्हच. ‘दारू पिऊन तो अब्यूसिव्ह झाला’ अशी बातमी आली तर ‘शिवीगाळ करू लागला’ एवढेच समजावे. पण नात्याला किंवा वागणुकीला हे विशेषण लागले की त्यात सत्ता आणि सातत्य या दोन गोष्टी आल्याच. शिवी एकही न देता माणूस अब्यूसिव्ह असू शकतो. बायकोचा पगार पहिल्या तारखेला काढून घेणारा, माहेरच्या माणसांशी बोलू न देणारा, चारचौघांत ‘हिला काय कळतंय’ म्हणून हसणारा नवरा आवाज चढवीत नाही, म्हणून सज्जन ठरत नाही.

मराठीत याला शब्द नाही काय? शब्द खूप आहेत. टोमणा, टोचून बोलणे, घालूनपाडून बोलणे, हिणवणे, पाणउतारा, जाच, छळ. आमच्या मते ‘जाच’ हा शब्द सर्वांत जवळचा. रोजचा, बारीक, न दिसणारा त्रास त्यात नेमका आहे. पण गंमत बघा. त्याचे विशेषण ‘जाचक’ आपण अटींना लावतो, नियमांना लावतो, करांना लावतो. ‘जाचक नवरा’ असे कोणी म्हणत नाही. आणि ‘सासुरवास’? ‘तिला फार सासुरवास आहे’ असे आपण म्हणतो. या वाक्यात ती आहे, तिचा वास आहे, पण तो देणारा कोणीच नाही. पाऊस पडावा तसा सासुरवास पडतो. ज्याने जाच केला त्याच्याबद्दल विचारले तर उत्तर ठरलेले असते. ‘स्वभाव जरा तापट आहे, पण मनाने चांगला आहे.’ तापट स्वभावाचा हा माणूस साहेबापुढे मात्र कधी तापत नाही, हे कोणी विचारात घेत नाही. ‘अब्यूसिव्ह’ हे विशेषण सोसणारीला लागत नाही, करणार्‍याला लागते. आम्हास या परक्या शब्दाचे मोल वाटते ते एवढ्यासाठी.

आणखी एक सावधगिरी. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘ही अब्यूझ्ड मी’ म्हणजे ‘त्याने मला शिव्या दिल्या’. इंग्लंड-अमेरिकेतला माणूस हेच वाक्य ऐकून वेगळेच समजतो. छळ, मारहाण, आणि लहान मुलाबाबत असेल तर लैंगिक अत्याचार. आपली मुले आता परदेशी कंपन्यांशी फोनवर आणि ई-मेलवर व्यवहार करतात. ‘माय सीनिअर अब्यूझ्ड मी’ असे लिहून मोकळे होऊ नये. काय शब्द वापरले, काय केले, ते लिहावे.

आता हा शब्द आपल्याला परका आहे असे मानणार्‍या बांधवांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘दि बुद्धा अँड हिज धम्मा’ हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात तथागतांच्या पहिल्या प्रवचनाच्या भागात अष्टांगिक मार्ग येतो. तेथे सम्यक वाचेचा अर्थ उलगडताना बाबासाहेबांनी खोटे न बोलणे, चहाडी न करणे यांच्याबरोबर रागाची आणि ‘अब्यूसिव्ह’ भाषा कोणाही माणसाशी न वापरणे हे स्वतंत्रपणे नोंदविले आहे. शब्द हाच. पालीत त्याला ‘फरुसा वाचा’ म्हणतात, म्हणजे कठोर, खरखरीत वाणी. आणि शिवीगाळीला ‘अक्कोस’ असा खास शब्द आहे. विहारात आपण पंचशील घेतो तेव्हा चौथ्या शीलाचा अर्थ ‘खोटे बोलणार नाही’ एवढाच करून घरी येतो. सम्यक वाचा त्याहून मोठी आहे.

संयुत्त निकायात अक्कोसक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाची हकिकत आहे. आपल्या गोत्रातला एक जण भिक्खू झाला म्हणून तो संतापला आणि राजगृहात तथागतांकडे जाऊन तोंडाला येईल ते बोलला. तथागतांनी त्याला विचारले, तुझ्या घरी पाहुणे येतात काय? त्यांच्यापुढे तू अन्न ठेवतोस काय? आणि त्यांनी ते घेतले नाही, तर ते कोणाचे? ब्राह्मण म्हणाला, माझेच. तथागत म्हणाले, तसेच तुझ्या या शिव्यांचे आहे. आम्ही त्या घेत नाही.

ही हकिकत आपल्या प्रवचनांत हमखास येते आणि ती यावीही. पण ती कोणाला सांगितली जाते, याचा विचार व्हावा. नवर्‍याच्या तोंडाला कंटाळलेल्या बहिणीला ‘बाई, तू शिव्या घेऊच नकोस, बुद्धासारखी शांत राहा’ असा उपदेश करणारे आम्ही ऐकले आहेत. हा धम्माचा गैरवापर आहे, म्हणजे मूळ अर्थाने अब्यूसच. तथागत त्या ब्राह्मणाच्या घरात राहत नव्हते. त्याच्या मीठभाकरीवर नव्हते. त्याच्या पोरांची शाळेची फी त्यांना भरायची नव्हती. ते स्वतंत्र होते म्हणून शिवी नाकारू शकले. दहा बाय बाराच्या खोलीत, दाराला आतून कडी, शेजारी ऐकतील म्हणून पदर तोंडात धरलेली बाई ती शिवी कुठे परत करणार? तिच्यासाठी सिगालोवाद सुत्त काढावे. त्यात नवर्‍याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पहिले पत्नीचा मान राखणे आणि दुसरेच तिचा अवमान न करणे. हे सुत्त बाईला नव्हे, एका तरुण गृहस्थाला सांगितले आहे. प्रवचनकारांनीही ते पुरुषांच्या बाजूला तोंड करून सांगावे. नागपूरला जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. तेथेही बाबासाहेबांनी लग्न झालेल्या मुलीने नवर्‍याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलाम होऊ नये, असेच बजावले होते.

कायद्याच्या भाषेत हा शब्द कसा शिरला तेही पाहण्यासारखे आहे. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले. त्याचा शब्द ‘क्रूएल्टी’, क्रूरता. (१ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ८५ व ८६ या कलमांत आहे.) पण तेथे क्रूरता म्हणजे बाई आत्महत्येला प्रवृत्त व्हावी किंवा तिच्या जिवाला, शरीराला, मानसिक आरोग्याला गंभीर इजा व्हावी अशी वागणूक, किंवा मालमत्तेच्या, हुंड्याच्या मागणीसाठी केलेला छळ. रोजच्या हिणवण्याला हे माप मोठे पडत असे. ‘मारलं का? नाही ना? मग घरी जा’, हे उत्तर त्यातूनच मिळे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याने ‘अब्यूस’ हा शब्द घेतला आणि त्याचे प्रकार सांगितले. शारीरिक, लैंगिक, तोंडी व भावनिक, आणि आर्थिक. तोंडी व भावनिक प्रकारात अपमान, टिंगल, नावे ठेवणे आले. मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोचून बोलणे तर कायद्यात शब्दशः आले. बाईच्या जवळच्या माणसाला मारण्याच्या वारंवार धमक्या देणे आले. आर्थिक प्रकारात घरखर्चाला पैसे न देणे, तिचे स्त्रीधन अडकवणे, राहत्या घरात तिला येऊ न देणे हे आले. आपल्या आयाआज्या ज्याला नशीब म्हणत, त्याची कलमवार नोंद झाली.

हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना आहे. तक्रार संरक्षण अधिकार्‍याकडे करता येते. तो ठरावीक नमुन्यात अहवाल भरतो. त्या नमुन्यात चारित्र्यावर संशय, हुंड्यावरून अपमान, नोकरी करू न देणे, घराबाहेर पडू न देणे असे एकेक प्रकार खुणा करण्यासाठी छापलेले आहेत. आमची महिला मंडळांना सूचना आहे, हा नमुना एकदा सभेत मोठ्याने वाचावा. अनेक बहिणींना आपल्यावर काय चालले आहे त्याचे नाव तेथे प्रथमच सापडेल. न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात, घरात राहण्याचा हक्क राखू शकतात. संरक्षणाचा हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वकिलाची फी परवडत नाही म्हणून मागे फिरू नये. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीची माणसे यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तालुका व जिल्हा न्यायालयात विधी सेवा कार्यालय असते, तेथे अर्ज करावा.

येथे पुरुष बांधवांना राग येईल. यावा. दिवसभर साहेबाची, मुकादमाची बोलणी खाऊन घरी आलेला माणूस ती शिदोरी बायकोपुढे सोडतो, हे दुःख आम्ही जाणतो. पण जयंतीच्या मिरवणुकीत पुढे, मोर्चात पुढे आणि घराच्या उंबर्‍याच्या आत मनूचा मुनीम, अशी माणसे आपल्या चळवळीत आहेत. त्यांना ओळखूनही आपण व्यासपीठावर खुर्ची देतो.

कामाच्या ठिकाणी तर या शब्दाची चाल वरून खाली अशी एकेरी आहे. कामगार साहेबाला उलट बोलला की स्थायी आदेशातले ‘अब्यूसिव्ह लँग्वेज’ हे कलम लगेच निघते. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा एका खटल्यात बडतर्फीची शिक्षा अपराधाच्या मानाने फार मोठी आहे असे म्हणून ती रद्द केली व हलकी शिक्षा दिली. २००५ साली दुसर्‍या एका खटल्यात वरिष्ठाला गलिच्छ शिव्या देणार्‍या कामगाराची बडतर्फी कायम ठेवली. तेव्हा तरुण कामगारांनी तोंडावर ताबा ठेवावा, युनियन वाचवील या भरवशावर राहू नये. साहेबाची तीच भाषा मात्र ‘काम करून घेण्याची पद्धत’ म्हणून खपते. कागदावर अब्यूसिव्ह कोण, हे बहुधा कागद लिहिणारा ठरवतो.

आणि साहेबाच्या तोंडी जात आली तर? आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. दुसर्‍यांना शिवी देण्यासाठी शब्द शोधावा लागतो. आपल्यासाठी जातीचे नाव हीच शिवी करून ठेवली होती. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात मूळ शब्द होता, लोकांच्या नजरेसमोर मानहानी करण्याच्या हेतूने केलेला अपमान किंवा धमकी. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यापुढे स्वतंत्र पोटकलम आले, जातीचे नाव घेऊन केलेला ‘अब्यूस’. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि दंड. तुम्ही बौद्ध झालात, मग तुम्हाला हा कायदा कसा, असे कोणी ऐकवले तर सांगावे, १९९० सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झालेला आहे. जातीचा दाखला मात्र हाताशी ठेवावा.

या कलमात एक खाच आहे. शिवीगाळ ‘लोकांच्या नजरेच्या टप्प्यात’ झालेली असावी लागते. २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घराच्या फाटकाजवळ झालेली शिवीगाळ त्यात धरली. २०२० साली, घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेली धरली नाही. २०२५ च्या एका निकालात सरकारी कचेरीच्या खोलीत, त्रयस्थ हजर नसताना झालेली शिवीगाळही बाहेर राहिली. केबिनचे दार लावून जातीवरून बोलणारा साहेब कायदा वाचून बसलेला असतो, हे आमच्या नोकरदार मंडळींनी ओळखावे. त्या वेळी तेथे कोण हजर होते, दार उघडे होते काय, ऐकणारे कोण, हे त्याच दिवशी तारीख-वेळ घालून वहीत लिहून ठेवावे.

दुसरी खाच आपल्याच तक्रारीत पडते. ठाणे अंमलदार लिहितो, ‘अश्लील व अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली’. हे वाक्य शेकडो फिर्यादींत असते आणि त्यात काहीच नसते. जे शब्द उच्चारले गेले तेच त्यात नाहीत. जातीचे नाव घेतले हे फिर्यादीत आलेच नाही, तर जातीवाचक शिवीगाळीचे कलम लागणार कसे? आपल्या बहिणी तो शब्द तोंडाने सांगायला लाजतात, आणि लाजणे स्वाभाविक आहे. त्यांनी तो घरूनच कागदावर लिहून न्यावा आणि कागद पुढे करावा. घाण शब्द लिहिण्यात कमीपणा नाही. तो त्यांचा नाही, बोलणार्‍याचा आहे. भारद्वाजाच्या अन्नाची गोष्ट येथे खरी लागू पडते.

सही करण्यापूर्वी फिर्याद वाचून दाखविणे हे पोलिसांचे या कायद्याखालील कर्तव्य आहे. ते मुद्दाम टाळले तर कलम ४ खाली तो सरकारी नोकराचा गुन्हा होतो. २०१८ साली घातलेल्या कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही. तेव्हा ‘आधी चौकशी करू, मग बघू’ हे उत्तर ऐकून परतू नये. वाचून दाखविताना आपले शब्द आले आहेत काय ते कान देऊन ऐकावे, आले नसतील तर सही थांबवून घालून घ्यावेत. फिर्यादीची प्रत मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.